किती आलं, किती थांबलं

नदीतल्या मायक्रोप्लास्टिकवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग किती असतं पाण्यात?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं एका आकड्यात उत्तर देणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर काहीतरी विकायला आलेला असतो. मी उलट विचारते, ‘कुठल्या जाळीनं मोजायचं?’ आणि समोरच्याला वाटतं, ही टाळतेय.

टाळत नसते. प्लास्टिकचा ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा तो मायक्रोप्लास्टिक, ही वरची हद्द आता बहुतेक सगळ्यांना मान्य आहे. खालची हद्द कागदावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि त्याखाली नॅनोप्लास्टिक सुरू होतं. प्रत्यक्षात मात्र ती हद्द हातातलं साधन ठरवतं. नदीच्या पृष्ठभागावर ओढायची जी जाळी सर्रास वापरतात, ती मूळची प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करणाऱ्यांची. तिची भोकं साधारण ३०० मायक्रॉनची. कपड्यातून सुटलेला पॉलिस्टरचा धागा लांबीला मिलिमीटरभर असला, तरी जाडीला दहा-वीस मायक्रॉनच भरतो. तो उभा शिरला की पार झाला. त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, बादलीनं पाणी उचलून बारीक गाळणीतून काढलं की आकडा कित्येक पटींनी फुगतो.

ऱ्हाइन नदीचा २०१५ सालचा अभ्यास सगळीकडे उद्धृत होतो. अकरा ठिकाणी पृष्ठभागावरचं पाणी तपासून सरासरी काढली होती, दर चौरस किलोमीटरला ८,९२,७७७ कण. शेवटच्या सातापर्यंत नेमका आकडा! अभ्यास चांगलाच आहे, पण तो पृष्ठभागाचा आणि त्या जाळीचा आकडा आहे. मला डॅन्यूबवरचा २०१४ सालचा अभ्यास जास्त भावतो. त्या मंडळींनी एकाच जाळीत काय काय आलं ते पाहिलं, आणि माशांच्या पिल्लांपेक्षा प्लास्टिकचे कण जास्त भरले. तुलना एकाच जाळीतली असल्यामुळे तिच्यात खोट काढायला जागा कमी. शिवाय पिल्लं खातात त्या आकाराचं काय काय त्यांच्याभोवती तरंगतंय, हेही त्यातून कळतं.

आकडे कसे रुजतात याचं एक उदाहरण सांगते. नदीमार्गे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा ८८ ते ९५ टक्के वाटा जगातल्या फक्त दहा नद्या वाहून नेतात, असा अंदाज २०१७ साली आला. ‘दहा नद्या’ हे वाक्य इतकं सोपं होतं की ते भाषणांत, पोस्टरांवर, शाळेच्या प्रकल्पांत जाऊन बसलं. २०२१ साली जास्त तपशिलात बांधलेल्या नव्या गणितानं सांगितलं की ८० टक्के वाटा उचलायला हजाराहून जास्त नद्या लागतात, आणि त्यांत शहरांतून जाणाऱ्या छोट्या नद्यांचा हात मोठा आहे. तरी दहा नद्या अजून पोस्टरांवर आहेतच. हजार नद्यांचं पोस्टर होत नाही.

या दोन्ही गणितांत नदी म्हणजे एक वाहिनी. इकडून प्लास्टिक पडलं, तिकडे समुद्रात गेलं. मीही बरीच वर्षं तेच गृहीत धरून बोलत असे, कारण या विषयाचा जन्मच समुद्रात झाला. रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ज्या लेखातून मायक्रोप्लास्टिक हा शब्द रूढ केला, त्याचा प्रश्नच होता की समुद्रातलं एवढं प्लास्टिक जातं कुठे. नद्यांकडे लक्ष गेलं ते नंतर, आणि तेही समुद्राकडे नेणारी वाट म्हणून.

नदी नुसती नेत नाही, ठेवतेही. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके. बाटल्यांचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी मात्र पाण्याच्या जवळजवळ १.४ पट जड, ते थेट तळ गाठतात. हलक्या कणांचंही तरंगणं कायमचं नसतं. त्यांच्यावर जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, त्या थराला माती चिकटते, आणि कण जड होऊन बसतो. तळाच्या वाळू-गोट्यांमधून पाणी सतत आत-बाहेर करत असतं, त्याच्यासोबत बारीक कण आत शिरतात आणि अडकतात. वळणाच्या आतल्या बाजूला, बंधाऱ्यामागे, पुलाच्या खांबाआड, जिथे धार मंदावते तिथे हा माल साठतो.

मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी वायव्य इंग्लंडमधल्या दहा नद्यांच्या पात्रांत चाळीस ठिकाणी तळाचा गाळ तपासला. एकही जागा कोरी निघाली नाही. त्यांतल्या टेम नदीत (लंडनची थेम्स नव्हे) एका ठिकाणी दर चौरस मीटरला पाच लाखांहून जास्त कण सापडले. मग २०१५-१६च्या हिवाळ्यात तिथे मोठे पूर आले. पुरानंतर त्यांनी पुन्हा त्याच जागा तपासल्या, तर तळात साठलेल्या मायक्रोप्लास्टिकपैकी सुमारे ७० टक्के वाहून गेलेलं होतं. त्यांच्या हिशोबानं हे ४३ अब्जांच्या आसपास कण. वजन किती? एका टनापेक्षाही कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की या विषयातल्या निम्म्या वादांचं मूळ दिसतं. कण मोजले तर डोळे पांढरे होतात, वजन केलं तर एका छोट्या टेम्पोत मावेल. दोन्ही खरं आहे, आणि तब्येतीच्या दृष्टीनं यांतलं कुठलं मोजायचं हे अजून ठरलेलं नाही.

याच गटानं पुढे, २०२१ साली, आणखी एक बोचरी गोष्ट दाखवली. तळाची इतकी वाईट अवस्था व्हायला प्रक्रिया न केलेलं सांडपाणी कोरड्या दिवसांत सोडलं जाणं कारणीभूत होतं. पावसाळी प्रवाहात सोडलं तर कण निदान पुढे सरकतात. संथ पाण्यात सोडले तर तिथेच बसतात. म्हणजे किती सोडलं एवढं विचारून भागत नाही, कधी सोडलं तेही विचारायला हवं. आणि नदीला पहिला प्रश्न असा की तिच्यात किती थांबलं, आणि कुठे.

हे शोधायचं काम दिसायला फार सामान्य आहे. तळाचा गाळ स्टीलच्या फावड्यानं काचेच्या बरणीत भरायचा. कमी आचेवर सुकवायचा, कारण जास्त तापवलं तर जे शोधायचं तेच वितळेल. चाळायचा. मग मिठाचं संपृक्त द्रावण घालून ढवळायचा आणि रात्रभर सोडून द्यायचा. माती खाली बसते, हलकं ते वर येतं. साध्या मिठाच्या द्रावणाची घनता १.२, त्यामुळे पीईटी आणि पीव्हीसी त्यात वर येतच नाहीत. त्यांच्यासाठी झिंक क्लोराइडसारखं जड द्रावण लागतं, ते महाग आणि त्रासदायक. कित्येक नद्यांच्या अहवालांत पीव्हीसी नगण्य दिसतं त्याचं एक कारण एवढं साधं असू शकतं. वर आलेल्या तवंगात पानांचे तुकडे, मुळं, किड्यांची कवचं असतात. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, भांडं गरम होतं, आणि सेंद्रिय भाग हळूहळू विरघळून पाणी फिकट होत जातं.

उरलेलं गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं. निळा धागा दिसतो. जाडी शेवटपर्यंत सारखी, मध्ये पेशींच्या रेघा नाहीत, म्हणजे बहुधा कृत्रिम. एक पांढरट पापुद्रा दिसतो, तापलेल्या सुईचं टोक त्याच्या कडेला लावलं की तो आक्रसतो आणि गोळा होतो. शेवाळाचा असता तर करपला असता. पण ‘बहुधा’वर शोधनिबंध लिहिता येत नाही. मग कणाचा अवरक्त वर्णपट काढायचा आणि साठ्यातल्या नमुन्यांशी ताडून बघायचा. हे यंत्र साधारण दहा-वीस मायक्रॉनपर्यंत नीट पाहतं. लेझरचा प्रकाश टाकून ओळखायची रामन पद्धत एक मायक्रॉनपर्यंत पोचते, पण एकेका कणावर वेळ खाते. त्याखाली गेलं की बहुतेक प्रयोगशाळा आंधळ्या.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जे नदीतून आलं नाही ते वगळण्यात. धागा अंगावरच्या कपड्यातून पडलेला असू शकतो, म्हणून सुती कोट. हवेतून पडलेला असू शकतो, म्हणून शेजारी एक रिकामी ओली डिश उघडी ठेवायची आणि तिच्यात पडलेले कणही त्याच काटेकोरपणे मोजायचे. कधी कधी त्या रिकाम्या डिशमध्ये नमुन्याच्या निम्मे धागे निघतात. मग तो दिवस मोडीत. हातमोज्यांची तर गंमतच. नमुना दूषित होऊ नये म्हणून वापरायचे ते एकदाच घालायचे मोजे साच्यातून सुटावेत म्हणून त्यांच्यावर स्टिअरेट क्षार लावलेले असतात. या क्षारांचा वर्णपट पॉलिथिलीनशी इतका मिळताजुळता असतो की तपासणारी यंत्रणा फसते. हे २०२० साली एका शोधनिबंधात सविस्तर मांडलं गेलं. तो वाचल्यापासून कुणाच्याही निबंधात मी निष्कर्षाआधी पद्धतीचं पान उघडते आणि तिथे मोज्यांचा उल्लेख शोधते. सवय थोडी खवचट आहे, पण उपयोगी.

हे येतं कुठून, यावर फार रेंगाळायची गरज नाही, कारण यादी आता बरीच पक्की आहे. कारखान्यात वितळवायला नेतात ते प्लास्टिकचे दाणे वाटेत सांडतात. पिशव्या-बाटल्या उन्हानं ठिसूळ होऊन तुटतात. अ‍ॅक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त धागे सुटू शकतात, असं प्लिमथमधल्या २०१६ सालच्या प्रयोगात दिसलं. रस्त्यावर झिजणारे टायर तर आहेतच, त्यांच्याकडे पुन्हा येते. सांडपाणी केंद्रं यातला बहुतांश माल अडवतात हे खरं. ग्लासगोजवळच्या एका केंद्राचा २०१६ सालचा अभ्यास आहे. तिथे ९८ टक्क्यांहून जास्त कण अडवले जात होते, आणि तरीही रोज सुमारे साडेसहा कोटी कण क्लाइड नदीत जात होते. अडवलेले कुठे जातात? केंद्राच्या गाळात. आणि तो गाळ बऱ्याच देशांत खत म्हणून शेतात पसरतात. पाऊस पडला की शेतातून पुन्हा ओढ्यात.

आता माणसाच्या शरीराकडे. इथे बातम्यांचा ओघ असा आहे की दर काही महिन्यांनी एक नवा अवयव. माणसाच्या विष्ठेत २०१९ साली कण सापडले, तपासलेल्या आठही जणांच्या. २०२१ साली सहापैकी चार गर्भवारांत मिळून बारा कण. २०२२ साली २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात. वाचताना पोटात गोळा येतो, माझ्याही येतो. पण यातली पहिली बातमी आणि बाकीच्या एकाच सुरात वाचू नयेत. विष्ठेत सापडलं याचा अर्थ ते आलं आणि गेलं. रक्तात किंवा वारेत सापडलं याचा अर्थ आतड्याची किंवा फुप्फुसाची भिंत ओलांडून काहीतरी आत गेलं. नदीला विचारला तोच प्रश्न शरीरालाही विचारावा लागतो.

आत किती जातं याच्या अंदाजांतली तफावत बघा. माणूस दर आठवड्याला ५ ग्रॅम, म्हणजे एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो, ही ओळ २०१९पासून फिरते आहे. ती एका अंदाजाची वरची टोकाची कड होती. खालची कड ०.१ ग्रॅम होती, ती कुणी छापली नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२१ साली कणांचे आकार आणि वजनं नीट हिशोबात धरून गणित मांडलं, तेव्हा प्रौढ माणसासाठी मधला आकडा आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅम आला. दोन अंदाजांत दहा लाख पटींहून जास्त अंतर! या दुसऱ्या गणितात अर्थात त्या वेळी मोजता न आलेले नॅनोकण नव्हते. २०२४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं नव्या लेझर तंत्रानं बाटलीबंद पाणी तपासलं, तर लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण, आणि त्यांतले ९० टक्के नॅनो. वजनात ते नगण्य, पण पेशीत शिरू शकतात ते याच आकाराचे.

माझी खरी अडचण इथे आहे. नदीत आम्ही जे इमानेइतबारे मोजतो ते बहुतांशी ३०० मायक्रॉनच्या वरचं. शरीरात ज्याची धास्ती आहे ते दहा मायक्रॉनच्या खालचं. आमच्या आकड्यावरून कुणी तब्येतीचा धोका सांगू लागलं की मला बसल्या जागी चुळबुळ होते. मोठे कण जास्त तिथे बारीकही जास्त असतील हा तर्क वाजवी आहे, पण तो तर्कच.

धोक्याचा सगळ्यात गंभीर पुरावा म्हणून ज्याचं नाव घेतात तो इटलीतला अभ्यास २०२४च्या मार्चमध्ये आला. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेनं काढलेल्या २५७ रुग्णांचा त्यांनी पाठपुरावा केला. १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन होतं, ३१ जणांच्यात पीव्हीसीही. पुढच्या ३४ महिन्यांत, ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका बाकीच्यांच्या साडेचार पट निघाला. हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. पण प्लास्टिकमुळे झालं असं हा अभ्यास म्हणत नाही, संशोधकांनीही म्हटलेलं नाही. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच जास्त दाहावलेल्या, त्यांच्यात कण जास्त अडकत असतील असंही असू शकतं. २०२५ साली मेंदूतल्या प्लास्टिकची बातमी आली, तीवर तर पद्धतीचाच आक्षेप निघाला. नमुना खूप तापवून त्याच्या वाफांवरून प्लास्टिक ओळखायच्या त्या पद्धतीत चरबीतून पॉलिथिलीनसारखीच खूण उमटू शकते, आणि मेंदूत चरबी भरपूर.

म्हणून सगळं थोतांड आहे का? मुळीच नाही. नायलॉनचे बारीक धागे कापणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचा एक वेगळाच आजार होतो, हे १९९८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये नोंदवलं गेलं. मात्रा पुरेशी असली की हे धागे इजा करतात, हे तेव्हापासून माहीत आहे. प्रश्न रोजच्या छोट्या मात्रेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ आणि २०२२च्या अहवालांत पुरावा अपुरा आहे असं म्हटलं, आणि त्याच दमात प्रदूषण कमी करा असंही म्हटलं. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला त्यात विसंगती दिसत नाही. तळातून, रक्तवाहिनीतून, शेतातून जे परत काढता येत नाही, त्याच्या बाबतीत पुरावा पुरा होईपर्यंत भर घालत राहणं हा निर्णयच असतो. फक्त तो कुणी घेतला याची नोंद राहत नाही.

टायरांकडे परत येते म्हटलं होतं. नदीतल्या प्लास्टिकनं नक्की कुणाला मारलं, याचं माझ्या मते सगळ्यात पक्कं उत्तर टायरांतून मिळालं, आणि ते शोधणारे लोक मायक्रोप्लास्टिक मोजायला निघालेलेच नव्हते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिॲटलच्या आसपासच्या ओढ्यांत, कोहो सामन मासे समुद्रातून अंडी घालायला परत येतात. पाऊस झाला की ते काही तासांत मरायचे. आधी पृष्ठभागावर गोल फिरायचे, तोंड वासायचे, मग आडवे व्हायचे. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. शहरातून जाणाऱ्या काही ओढ्यांत अशानं परतलेल्या माशांतले निम्म्याहून जास्त जायचे. संशय रस्त्यावरून येणाऱ्या पाण्यावर होता, पण त्यात रसायनं हजारो. संशोधकांनी झिजलेल्या टायरचं पाणी घेतलं, त्यातल्या दोन हजारांहून जास्त रसायनांचे गट पाडले, प्रत्येक गटात मासे ठेवले, मासे मेले तो गट पुन्हा फोडला. असं करत ते २०२० साली एका रसायनापाशी पोचले. टायर हवेतल्या ओझोननं तडकू नये म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी झगडताना त्याचंच क्विनोन हे दुसरं रसायन बनतं, आणि तेच मारक. नंतर सुधारून काढलेल्या हिशोबानुसार लिटरमागे मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा कोहोला पुरतो. त्याच कुळातल्या चम सामनला मात्र काही होत नाही. २०२२ साली हे क्विनोन चीनमध्ये माणसांच्या लघवीतही सापडलं. त्याचा तब्येतीशी काय संबंध, हा अभ्यास आत्ता कुठे सुरू झालाय.

या शोधाचा क्रम मला पुन्हा पुन्हा आठवतो. त्यांनी कण मोजून धोका शोधला नाही. आधी मेलेला मासा होता आणि मग उलटं चालत जाणं होतं. माणसाच्या बाबतीत आपल्याकडे असा मासा नाही. नायलॉनचे कामगार त्याच्या सर्वांत जवळ जातात, आणि अशा कामगारांकडे, म्हणजे कापड, पुनर्वापर, टायर या धंद्यांत दिवसभर धूळ घेणाऱ्यांकडे, बाटलीबंद पाण्याच्या मानानं फार कमी लक्ष जातं. संशोधनाचा पैसा माझ्या हाती असता तर मी तो आधी तिकडे वळवला असता.

कॅलिफोर्नियानं २०२३ साली टायर कंपन्यांना सिक्स-पीपीडीला पर्याय शोधायला बांधील केलं. पर्याय सोपा नाही, कारण तडकणारा टायर माणसं मारतो. तोवर एक साधा उपाय कामी येतो. रस्त्याचं पाणी ओढ्यात जाण्याआधी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीच्या भुग्याच्या थरातून झिरपू द्यायचं. क्विनोनचं नावही माहीत नव्हतं तेव्हाच, २०१६ साली छापलेल्या प्रयोगात, महामार्गाच्या थेट पाण्यात ठेवलेले कोहो मेले आणि या थरातून गाळलेल्या पाण्यातले जगले. आता अशा पट्ट्या बऱ्याच शहरांत रस्त्याकडेला खणल्या जातात. टायरचे कण त्या मातीत थांबतात. काही वर्षांनी थर भरत आला की वरची माती काढून नवी घालावी लागते, आणि काढलेली माती कुठे न्यायची हे ती पट्टी खणतानाच लिहून ठेवावं लागेल.